कुठल्या शिट्ट्या न्यायच्या

बा, तुला वाचता येत नव्हतं आणि तुला जाऊन अकरा वर्षं झाली, त्यामुळे हे पत्र तुझ्या हाती पडेल ही भीती नाही. म्हणूनच बहुतेक लिहायला बसलोय. लिहितोय तेही मराठीत. आपल्या घरातली बोली माझ्या तोंडातून कधीच गेली, कानात तेवढी उरली आहे. हॉलंडमधल्या फेल्डहोवन नावाच्या गावात राहतो. चिप बनवायच्या मशिनच्या कंपनीत इंजिनियर आहे. घर आहे, बायको आहे, दहा वर्षांची लेक आहे. तुझ्या मुलाचं बरं चाललंय, एवढं आधी सांगून टाकतो, कारण पुढे सांगायचंय ते बरं नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक डच म्हातारा शेतकरी राहतो. त्याच्याकडून आम्ही अंडी घेतो. हिवाळ्यात इथल्या गवतावर रानहंसांचे थवे उतरतात आणि गाईंचं गवत फस्त करतात, म्हणून परवाना असलेल्यांना ते मारायची मुभा असते. म्हाताऱ्याकडे असा परवाना आहे. मागच्या महिन्यात तो म्हणाला, "शनिवारी सकाळी येतोस का बघायला?" शुक्रवारी संध्याकाळी त्याच्या स्वयंपाकघरात गेलो, तर टेबलावर शिट्ट्या मांडून बसला होता. हंसांच्या आवाजात वाजणाऱ्या सात-आठ शिट्ट्या, काही लाकडी, काही काळ्या प्लास्टिकच्या. एकेक उचलायचा, फुंकायचा, मान हलवून बाजूला ठेवायचा. "लोक सगळ्या गळ्यात अडकवून जातात," तो म्हणाला, "मी दोनच नेतो." मग माझ्याकडे पाहून हसला. "तू सांग, उद्या कुठल्या दोन?"

बा, तू पालाच्या तोंडाशी उकिडवा बसला आहेस. अजून नीट उजाडलेलं नाही. पुढ्यात ती चामड्याची पिशवी, तिच्यात लाव्हऱ्यांसाठी हाडाची शिट्टी, मोरासाठी बांबूची, आणखी दोन-तीन कशाकशाच्या. तित्तराला तुला शिट्टी लागतच नाही, तुझं तोंड पुरतं. तू ओंजळीत दव घेऊन बघतोस, हवा हुंगतोस, आणि एकच शिट्टी कमरेला खोचतोस. सगळ्या ने की, असं मी म्हणतो. तू म्हणतोस, "जास्ती नेल्या की मानूस वाजवत बसतो. पाखरू काय म्हनतंय ते ऐकायचं ऱ्हातं." त्यानंतर फासे खांद्यावर टाकून तू जातोस, आणि मी शाळेत. शाळेत कोणाची पेन्सिल हरवली की गुरुजी आधी माझं दप्तर उलटं करतात. गावात कोंबडी हरवली की पोलीस आधी आपल्या पालांवर येतात. कधी जंगलखात्याची जीप येते, फासे जप्त करते आणि तुला घेऊन जाते. तीन-चार दिवसांनी तू लंगडत परत येतोस.

मी म्हाताऱ्याला दोन शिट्ट्या काढून दिल्या. एक खर्जातली आणि एक बारीक आवाजाची. लाकडी घेतली नाही, कारण बाहेर धुकं धरलं होतं आणि ओल्या हवेत लाकूड बसक्या आवाजात बोलतं. त्याने त्याच दोन खिशात टाकल्या. दुसऱ्या दिवशी शेतात इतकी थंडी होती की श्वासाची वाफ शिट्टीत गोठून आवाज अडकेल हे मला न सांगता कळलं. एक शिट्टी त्याने मला धरायला दिली होती, ती मी जॅकेटच्या आत काखेत दाबून ठेवली, तू हाडाची ठेवायचास तशी. ते त्याने पाहिलं. "हे कोणी शिकवलं तुला?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "व्हिडिओत पाहिलं." तो खुशीत म्हणाला, "मला माझ्या बापाने शिकवलं." किती सहज म्हणाला, बा! मला त्याचा हेवा वाटला, आणि मग स्वतःची किळस आली.

कारण ही पहिली वेळ नव्हती. माझं लग्न आठव. आपलं आडनाव चार जातींत सापडतं, त्यावर माझं निभावून गेलं होतं. पुण्याबाहेरच्या त्या लॉनवर माझ्याकडून तू एकटाच होतास. बाकी कोणाला मी बोलावलंच नव्हतं. ऊन उतरताना कुंपणापलीकडच्या माळावर तित्तर बोललं, आणि तू हातातली आइस्क्रीमची वाटी खाली ठेवून त्याला उत्तर दिलंस. ते पुन्हा बोललं. तू पुन्हा. पाहुणे गोळा झाले, टाळ्या पडल्या. सासरे म्हणाले, "अहो, काय कला आहे व्याह्यांकडे! कुठे शिकले?" तू तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "जंगलखात्यात होते ना. पक्ष्यांची मोजणी करायचे." तू माझ्याकडे पाहिलंस आणि मान खाली घातलीस. तुला एसटीवर सोडायला आलो, तेव्हा खिडकीतून तू एवढंच बोललास. "उभा जल्म खाकीला बघून पळालो. आन् लेकानं मलाच खाकी चढवली." हसून बोललास. मीही हसलो. तेव्हा मी तुझे पाय धरायला हवे होते. त्यानंतर माझ्यासमोर तू एकदाही पाखराचा आवाज काढला नाहीस.

आता खरं सांगायचं ते. इथल्या शाळेत मुलांना वर्गापुढे उभं राहून एखाद्या विषयावर बोलावं लागतं. माझ्या लेकीने विषय निवडला तू. "माझे आजोबा बोसवाख्टर होते," असं तिचं पहिलं वाक्य. बोसवाख्टर म्हणजे जंगलाचा रखवालदार. शिकाऱ्यांपासून ते पक्ष्यांना वाचवायचे, असंही तिने आपल्या मनाने घातलं होतं. आदल्या दिवशी तिने मला सगळं म्हणून दाखवलं आणि विचारलं, "बाबा, इज इट राइट?" बायको सोफ्यावर बसून कौतुकाने ऐकत होती. तिलाही तेच माहीत आहे. माझ्या ओठांवर सगळं आलं होतं, बा, शप्पथ. मी म्हणालो, "हो बाळा, बरोबर आहे." परवा वर्गाने तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

आज रविवार. वरच्या खोलीचं दार लावून हे लिहिलं आणि पहिल्यापासून वाचून पाहिलं. एवढ्या ओळींत आपल्या जातीचं नाव एकदाही आलेलं नाही. ठरवून टाळलं नव्हतं, हात आपोआप वळसा घालून पुढे गेला. निदान इथे तरी लिहावं म्हणून आत्ता पेन टेकवलं, तेवढ्यात बायको चहाला बोलवायला वर आली, आणि मी कागद पालथा घातला.