पाटी हिंदीतच का?

ऑस्ट्रिया, २ एप्रिल २०२५

ती. स्व. उज्वलाआत्यास, स्वरदाचा शि. सा. न. वि. वि.

तुमची नाशिकची सहल मी नोकरी करते त्याच गेस्टहाउसात दोन रात्री उतरणार हे कळलं. आनंद झाला, आणि काळजीही वाटली. फोनवर हे बोलता येत नाही, मालकीण मारियाबाई जवळच असतात, स्वतःचं नाव ऐकलं की कान टवकारतात.

नाश्त्याच्या हॉलमध्ये एक पाटी आहे: इथलं खाणं बाहेर नेऊ नये. फक्त हिंदीत. दुसऱ्या कुठल्याच भाषेत नाही. तिच्याखाली उभं राहून कॉफी वाढताना मला रोज मेल्याहून मेल्यासारखं होतं. मी मारियाबाईंना ती काढायला सांगितली. त्या म्हणाल्या, तुझ्या गावची माणसं दोन्ही सकाळी नीट वागली तर काढीन, नाही तर हा विषय पुन्हा नको.

तेव्हा सगळ्यांना बजाव. तुझ्या शेजारच्या सुधाकाकूंना दोनदा.

ओरडा कमी, माया जास्त, असं चालू दे.

तुझी
स्वरदा

नाशिक, २८ मे २०२५

चि. स्वरदास अनेक उत्तम आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. निरोप घेताना तुझं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं होतं, म्हणून लिहिते.

मी कुणालाही बजावलं नव्हतं, मुद्दामच. धाकानं शहाणा झालेला माणूस धाक सरला की मूळ पदावर येतो. पहिल्या सकाळी आमच्या सहलीतले पुंजाभाऊ कळवणच्या नातवाशी व्हिडिओ कॉलवर असे बोलत होते, की फोन नसता तरी ऐकू गेलं असतं. त्यांना अंगणात पिटाळलं. तेवढ्यात सुधानं पाव रुमालात बांधले, आणि मारियाबाईंनी पाहिलं.

तू वर चादरी बदलायला गेली होतीस. मी सुधाला हाताला धरून भटारखान्यात बाईंपाशी नेलं. ती फणफणली, पैसे भरलेत ना ताई, चोरी केली का? मी म्हटलं, "मग लपवलंस कशाला?"

टूरवाल्या योगेशच्या फोनवर भाषांतराची सोय आहे; मी त्यात मराठीत बोलले, फोन बाईंशी जर्मनमध्ये बोलला. म्हटलं, चुकलं आमचं. पण दिवसभर डोंगरात हिंडायचं आणि दुपारी मांसाशिवाय काही मिळत नाही. मी खानावळ चालवली आहे. घोटीचे तांदूळवाले माझ्या पोळ्या पळवायचे. मी पाटी लावली नाही, वाटेची शिदोरी बांधून विकायला लागले. तुम्हीही विका.

दुसऱ्या सकाळी टेबलावर शिदोरीचे कागदी पुडे कुठून आले, ते आता कळलं? पाटीचं काय झालं ते कळव. जेवणाची हेळसांड करू नकोस, आणि आम्हाला मनातून उतरवू नकोस.

तुझी
उज्वलाआत्या

ऑस्ट्रिया, २१ जून २०२५

ती. स्व. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

पुडे आपणहून सुचले, असं मारियाबाई मला सांगत होत्या.

पाटी काढली नाही. शब्द म्हणजे शब्द, पहिल्या सकाळी पाव गेलेच, असं त्या म्हणाल्या. पण बदलली. आता ती चार भाषांत आहे. वर जर्मन, खाली हिंदी, अक्षरं सारख्याच आकाराची. शेवटी एक ओळ: वाटेसाठी डबा हवा असल्यास आदल्या संध्याकाळी सांगावे.

काल एक जर्मन आजोबा उकडलेलं अंडं खिशात घालत होते. मारियाबाईंनी पाटीकडे बोट केलं. आजोबा लालबुंद झाले. सगळा हॉल त्यांच्याकडे पाहून हसला, आणि कॉफी वाढणाऱ्या मुलीकडे कुणीही वळून पाहिलं नाही.

सुधाकाकूंना माझा नमस्कार सांग, मनापासून. तुझा हात पाठीवर असाच राहू दे.

तुझी
स्वरदा