उणे उंचीचा मनोरा

ती. आई,

इथूनच तुझ्या पाया पडते. मी बरी आहे, वेळेवर जेवते, काळजी करू नकोस.

नर्सिंगला घेण्याआधी इथे शाळेचं गणित पुन्हा पास व्हावं लागतं, हे तुला सांगितलं होतंच. बीजगणित हळूहळू जमतंय. त्रिकोणमिती मात्र जीव खाते.

काल बाईंनी नेमकं मलाच फळ्यावर बोलावलं. गृहपाठातलंच गणित होतं, मनोऱ्याची उंची काढायची. खडू इतका दाबून धरला की मोडला. उत्तर आलं उणे! बाई म्हणाल्या, "अहो, मनोरा जमिनीत गाडलात की!" सगळा वर्ग हसला. मीही हसले, मग बाहेर जाऊन तोंड धुऊन आले.

खोलीवर तेच गणित पुन्हा मांडलं. एक पद बरोबरच्या पलीकडे नेताना चिन्ह बदलायचं राहिलं होतं, एवढंच. आज बाईंना दाखवलं, तर म्हणाल्या, "येतंय की तुम्हाला. घाबरता कशाला?"

सोमवारी परीक्षा आहे. नापास झाले तर जागा जाईल आणि हात हलवत परत यावं लागेल.

तुझे गुडघे कसे आहेत? छकुलीचा ताप उतरला ना? खरं काय ते कळव.

परवा फोनवर तिनं मलाच विचारलं, "कोण बोलतंय?" तिला रागावू नकोस हं. "तुझी आई गृहपाठ करतेय, झाला की घरी येईल," एवढंच तिला सांग.

तुझी,
थोरली