बांगड्यांना ब्रश लावू नकोस

ठमे,

मला आज सकाळची पाळी आहे, त्यामुळे आईचे दागिने धुवायचं काम तुझ्या गळ्यात. वाडग्यात कोमट पाणी घे, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाक आणि दहा मिनिटं बुडवून ठेव. नळाखाली धरू नकोस. तुझं एक कानातलं असंच मोरीत गेलंय. साखळी आणि अंगठी जुन्या मऊ ब्रशने खुशाल घास. बांगड्या मात्र नुसत्या बोटांनी चोळ, नाहीतर मुलामा निघेल.

हो, मुलामा. काल डबीतून बांगडी उचलली, तर तिला चिकटून फ्रिजवरचं बदकाचं चुंबक वर आलं. तू चौथीत असताना हरवलं म्हणून घर डोक्यावर घेतलं होतंस, तेच. सोन्याला चुंबक चिकटत नाही. म्हणजे आईने तेव्हाच तपासून पाहिलं होतं, आणि इतकी वर्षं अवाक्षर काढलं नाही.

बदक होतं तिथेच परत ठेवलंय, मागू नकोस. संध्याकाळी आई बांगड्या घालेल आणि बाबा नेहमीसारखं विचारतील, "मी आणलेल्या बांगड्या अजून नव्यासारख्या आहेत की नाही?" आई हो म्हणते. तूही म्हण.

ताई