दोनच हाका

॥ श्री ॥

वायरी, ता. मालवण, जि. रत्नागिरी
रविवार, १३ डिसेंबर १९६४

चि. सत्यवान यास अनेक आशीर्वाद.

इकडे मी खुशाल आहे. तुझ्या घरचा पत्ता माझ्यापाशी नाही, म्हणून तू काम करतोस त्या छापखान्याच्या पत्त्यावर लिहितो आहे. अक्षर ओळखून पाकीट न फोडता ठेवून देऊ नकोस. चार वर्षांत पहिलंच पत्र आहे, तेव्हा निदान शेवटपर्यंत वाच.

ट्राम बंद झाली ते तुला ठाऊकच असेल. एकतीस वर्षं जी गाडी हाकली ती गेल्यावर मुंबईत राहून करायचं काय? खोली सोडली आणि मे महिन्यात इथे आलो. लोक म्हणाले, आता गावी शांत झोपा. कसली शांत झोप! परळला खोलीखालून मध्यरात्रीपर्यंत ट्राम जायची आणि मी ढाराढूर झोपायचो. इथे कौलावर पान पडलं तरी उठून बसतो.

पहिल्याच रात्री घराला लागून असं काही धप्पकन पडलं, की मला वाटलं भिंत खचली. सकाळी पाहतो तर माडाची झावळ. दुसऱ्या रात्री कौलांवर माणूस चालावं तसा आवाज. मी काठी घेऊन पहाटेपर्यंत चुलीपाशी बसलो. शेजारची हौसाबाई, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, सकाळी पोटभर हसली. "चोर खंयचो? कांडेचोर तो! माडावरची माडी पिता नि कौलार नाचता." मांजराएवढं जनावर ते, आणि मी त्याच्यासाठी रात्र जागवली. शिवाय समुद्राची गाज आहेच. ती थांबत नाही, पण तिच्याशी माझं आता जमलं आहे.

गंमत पुढेच आहे. एक दिवस हौसाबाईच नारळ घेऊन दारात उभी. "भाई, काल राती तुमच्या घरात राखणदार इल्लो. पाय आपटल्याचो आवाज माका माज्या घरात आयकाक येय होतो." राखणदार म्हणजे गावाची राखण करणारा देवचार, रात्री काठी टेकत शिवेवरून फिरतो म्हणतात. आता तिला काय सांगू? तो मीच. झोपेत माझा उजवा पाय अजून ट्रामची घंटा वाजवतो. तू लहानपणी माझ्या पायथ्याशी झोपायचास, तुला त्या लाथा आठवत असतील. तिने भक्तिभावाने नारळ ठेवला आणि मी निमूटपणे घेतला. दुसऱ्या दिवशी त्याचीच चटणी केली.

त्याच दिवशी तिने मला इथला नियम सांगितला. "आणि आयका, राती कोणी हाक मारल्यान तर लगेच ओ देव नको हां. तिसऱ्या हाकेक देवची. भुता दोनच येळा हाक मारतत." इथे लहानथोर सगळे हा नियम पाळतात. मी तिला म्हटलं, इतकी वर्षं रात्रपाळी केली, एक भूत कधी ट्राममध्ये चढलं नाही. ती म्हणाली, "मुंबयक भुतांका जागा खंय?"

एवढं लिहून मी पेन खाली ठेवलं होतं. चहा करून प्यायलो. आता बाकीचं लिहितो.

गेल्या मंगळवारी रात्री अकराच्या सुमारास दारात हाक आली. "बाबा." थोड्या वेळाने पुन्हा, "बाबा." मी जागा होतो. कंदील विझवला होता. अंथरुणावर बसून राहिलो आणि तिसऱ्या हाकेची वाट पाहिली. ती आली नाही. पायरीवरून उतरणारी पावलं ऐकू आली, मग फक्त गाज.

सकाळी पायरीवर पेढ्यांचा पुडा होता, वर दादरच्या दुकानाचा छाप. मुंग्या लागल्या होत्या. हौसाबाईने पाहिलं आणि हात जोडले. "राखणदारान ठेवल्यान हो. तुमच्यार मर्जी आसा तेची." मी होय म्हणालो. दुपारी पडाववाला बाबली भेटला, बोटीवरची माणसं धक्क्याला आणतो तो. म्हणाला, "भाई, तुमचो झील इल्लो ना? बोट उशिरा लागली, माज्याच पडावातसून उतरलो. सकाळच्या एस्टीन परत गेलो. ऱ्हवलो नाय तो?" मुलगा का राहिला नाही, यावर त्यालाही मी काहीतरी थाप मारली.

तुला थाप मारणार नाही. तुला वाटेल, म्हातारा भुताला घाबरला. तसं असतं तर बरं झालं असतं. मी तुझा आवाज पहिल्याच हाकेला ओळखला. दुसरीनंतर तर शंकाच नव्हती. नाक्यावर उभा राहून तू अशाच दोन हाका मारायचास, कारण तिसरीपर्यंत ट्राम पुढे गेलेली असायची. आणि मी पायाखालची घंटा ठणाणा वाजवून तुला ओ द्यायचो. एक दिवस चुकला नाही. मंगळवारी मात्र रोज आपटणारा हा पाय मी हाताने दाबून धरला.

तू एका विधवेशी लग्न करतोस म्हणून मी म्हणालो होतो, "माझ्या दाराशी येऊन हाक मारलीस तरी ओ देणार नाही." ते शब्द खरे करायचे होते आणि गावच्या नियमाचा आडोसा मिळाला. तुझी आई गेली तेव्हा मी पस्तिशीचा होतो. दुसरं लग्न कर म्हणून मला दहा जण सांगायला आले, कोणी वावगं मानलं नाही. मग त्या पोरीचंच काय चुकलं होतं? हे कळायला मला इतकी वर्षं लागली, आणि कळलं तेव्हाही मी अंधारात बसून राहिलो. मला फार लाज वाटते, सत्यवान. त्या रात्रीपासून मला सगळे आवाज सवयीचे झाले आहेत, झोप मात्र येत नाही.

पेढे मुंग्या झटकून खाल्ले. एक तुझ्या आईच्या तसबिरीपुढे ठेवला. पेढे बाळाचेच, हे ओळखलं; पण मुलीचेही पेढेच वाटणारा तू, तेव्हा मुलगा की मुलगी, तेही मला माहीत नाही.

पुन्हा इतक्या लांब ये असं कोणत्या तोंडाने म्हणू? तुझं उत्तर आलं, की पुढच्या बोटीने मीच निघतो. पोस्टकार्डावर घरचा पत्ता तेवढा टाक. दाराशी येऊन हाक मारीन, दोन नाही, तीन नाही, दार उघडेपर्यंत मारीन. फक्त बाळाचं नाव कळव, म्हणजे त्याच नावाने मारता येईल.

चि. सौ. नर्मदा हिला अनेक आशीर्वाद. त्यातला 'सौ.' आज पहिल्यांदा लिहिला. तो तिला दाखव.

ओ द्यायचा राहिलेला,
तुझा बाबा