फटफटी जनावरांत धरावी

मी, पुंजाराम भागवत वाळुंज, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा शेती, राहणार देवळाली प्रवरा, तालुका राहुरी, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नाही, स्वखुशीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. दुपारी डोळा लागला की आमची फटफटी कालव्याच्या कडेने एकटीच चरत जाताना दिसते, हे डॉक्टरांना सांगितले आहे. त्यांनी ते वेडात धरले नाही.

१. घर व कालव्याखालचा ऊस मुलगा श्रीमंत याला. विहिरीजवळचा तुकडा मुलगी पंकजा हिला. विहिरीचे पाणी दोघांनी पाळीने घ्यावे. श्रीमंतने त्यावरून बहिणीशी तोंड वाजवू नये, त्याला ती सवय आहे.

२. बँकेतली शिल्लक पत्नी रतनबाई हिला. तिने ती नातवंडांवर न उधळता आधी स्वतःच्या डोळ्यांचे ऑपरेशन करून घ्यावे.

३. जनावरे. एक गाय, दोन शेळ्या आणि फटफटी.

इथे मजकूर उतरवून घेणाऱ्या वकीलसाहेबांनी पेन खाली ठेवले. फटफटी वाहनांत धरावी लागते, म्हणाले. का धरू नये ते लिहितो.

शेवटचा बैल गेला त्या साली मी ही दोन स्ट्रोकची फटफटी आणली. पोळ्याला गोठा रिकामा. मला घरात बसवेना. रतनबाईने पुरणपोळीचे ताट फटफटीपुढे धरले. मग मीही बैलाची शिंगे साळतात तसे तिचे हॅन्डल आणि त्याखालची मान कानशीने साळली आणि वर लाल हिंगूळ लावला. पुढे दर पोळ्याला हेच. गाव आधी हसले, नंतर एक-दोघांनी आपल्याही गाड्या रंगवल्या.

तिचा चासीचा नंबर कंपनीने त्या मानेवरच ठोकलेला. साळता साळता तो झिजून गेला, हे आरटीओत कळले. पूर्वी कागद बघून नोंदणीची मुदत वाढायची. आता नियम कडक. साहेबांनी अंगठ्याने हिंगूळ खरवडला आणि विचारले, "आजोबा, नंबर कुठंय?" नंबर नाही म्हणजे गाडीच नाही, असा निकाल झाला. ती रस्त्यावर आणायची नाही, कोणाच्या नावावरही होणार नाही.

तसली दुसरी घ्यावी तर मिळत नाही. धुराच्या नियमाने ती बनायचीच थांबली आणि होत्या त्या भंगारात गेल्या. नियम खोटा आहे असे मी म्हणणार नाही. तिच्यामागून चालणारा खोकायचा, हे मी पाहिले आहे. पण पहाटे कोल्हारच्या पुलावर तिचा निळा धूर प्रवरेच्या धुक्यात मिसळायचा, मागे रतनबाई माझ्या पाठीला कान लावून झोपलेली असायची, आणि आपण रस्त्यावरून नाही, पाण्यावरूनच चाललो आहोत असे वाटायचे. तसे सुख मला पुन्हा कशात लागले नाही.

श्रीमंतचे म्हणणे, रस्त्यावर जात नाही तर भंगारवाल्याला वजनावर द्यावी, म्हणजे नव्या बॅटरीच्या गाडीला गोठ्यात जागा होईल. आमच्यात म्हाताऱ्या बैलाला बाजार दाखवत नाहीत, एवढेच मी त्याला म्हणालो. त्यावर रतनबाई म्हणाली, "बैल आपल्या मरणानं मरतो. हिचं तुमच्या मागं काय करायचं, ते लिहून ठिवा." म्हणून हा कागद.

४. गाय व शेळ्या रतनबाईकडे राहाव्यात. फटफटी पंकजाला. तिने हौसेने गिअरचे लायसन काढले, पण जी गाडीच नाही तिला लायसन काय करणार? आपल्या शेतात मात्र कोणी अडवत नाही. पोळ्याला आईला मागे बसवून बांधाने एक फेरी मारावी. हळू चालवावी, आईला झोप लागते. मानेवर कानस चालवायला आता हरकत नाही.

५. एके दिवशी ती किक मारून उठणार नाही. पार्ट मिळत नाहीत, मिस्त्रीला बोल लावू नये. टाकीतले पेट्रोल आणि ऑइल काढून घ्यावे, मातीत जाऊ देऊ नये. मग बैलाला पुरतो तसे बांधाशी खड्डा घेऊन, भरपूर मीठ घालून तिला पुरावे. मिठाने बैलाची लवकर माती होते. लोखंडाचीही होते.

मजकूर वाचून घेतला, जनावरांचे कलम दोनदा. बरोबर आहे.

लिहून देणार: पुंजाराम भागवत वाळुंज (सही)

आमच्यासमोर सही केली:
कानिफनाथ राम शेटे, मिस्त्री (सही)
हनुमंत भिमाजी कडू, शेजारी (सही)

देवळाली प्रवरा, जिल्हा अहिल्यानगर
दिनांक २५ ऑगस्ट २०२५