बागेचा ट्रॅक्टर आणि त्याची नवी चाके : कोणाला व कोणत्या अटीवर

मी, रोपवाटिकेची मालकीण, वय सहासष्ट, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि स्वतःच्या हाताने लिहिते. माझी बुद्धी शाबूत आहे. स्मरणशक्ती शेजारच्या निवृत्त नर्सबाईंनी तपासली. ती त्यांच्यापेक्षा बरी निघाली. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. मला भीती वाटते आहे, गेल्या बुधवारपासून फारच वाटते आहे. पण भीती म्हणजे दडपण नव्हे, असे मी वकिलांना विचारून घेतले आहे. याआधी मृत्युपत्र केलेले नाही, कारण मरायचा विचार नव्हता.

१. राहते घर, मागची रोपवाटिका आणि वरच्या टाकीपर्यंतचा सगळा चढ माझ्या एकुलत्या एका मुलीला. स्वयंपाकघराचे मागचे दार पावसात फुगते. ते ओढायचे नाही, जरा उचलून ढकलायचे. बँकेत जे काही उरले असेल तेही तिचेच.

२. कलमे करायच्या कात्र्या आणि तिन्ही करवती आमच्या माळीबुवांना. त्या ओल्या ठेवू नका, हे जिवंतपणी सांगून माझी जीभ झिजली. आता मेलेल्या माणसाचे तरी ऐकावे.

३. ट्रॅक्टरचे जुने, गुळगुळीत टायर माझ्या धाकट्या दिरांना. "वहिनी ट्रॅक्टर चालवणार? मग आम्ही बांगड्या भरतो," असे ते भर अंगणात म्हणाले होते, आणि माझा नवरा गेल्यावर तोच ट्रॅक्टर मागायला सगळ्यांत आधी तेच आले. त्या टायरांचे काय करायचे ते त्यांचे त्यांनी बघावे.

४. खुद्द ट्रॅक्टर मुलीलाच, पण अटींवर. अटी का, ते नीट लिहिते.

चढ ओला झाला की जुनी चाके जागच्या जागी गरगरायची. मुलगी नोकरी सोडून घरी आली आणि तिने डोके चालवले : चिखलात पळणाऱ्या चारचाकी मोटारसायकलींचे खडबडीत, गाठीगाठींचे टायर आपल्याला बसतील. रिमचे माप जुळत होते. टायर रिमवर धरेना, तेव्हा पंक्चरवाल्याने टायरच्या पोटाला पट्टा आवळला, कडेला साबणाचे पाणी लावले आणि हवा भरली. फट् आवाज करून टायर जागेवर बसला. त्या दिवशी आम्ही तिघेही लहान मुलांसारखे टाळ्या पिटत होतो. ट्रॅक्टर घोरपडीसारखा चढ धरून वर गेला.

बुधवारी मी खताने भरलेली ट्रॉली वर नेत होते. ट्रॉली सीटखालच्या वरच्या हुकाला लावली होती. मुलगी मागून ढकलत होती. मध्येच थांबले, परत क्लच सोडला, आणि पुढची चाके उचलली गेली. स्टिअरिंग हातात मोकळे फिरायला लागले. समोरची टाकी दिसेनाशी झाली, नुसते आभाळ. मी क्लचवर पाय मारला तेव्हा ट्रॅक्टर खाली आदळला.

तेव्हा कळले. चाके घसरायची तेव्हा इंजिनाचा जोर वाया जायचा आणि आम्ही वैतागायचो. तो वाया जाणारा जोरच आम्हाला जमिनीवर ठेवत होता. नव्या टायरांनी माती अशी धरली, की चाक फिरेना. मग ट्रॅक्टरच चाकाभोवती फिरायला लागला.

ट्रॉली आड होती, म्हणून मुलीला काहीच दिसले नाही. ती म्हणाली, "जरासं उचललं असेल गं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस! तू क्लच झटक्यात सोडतेस. आता मीच चालवत जाईन." त्या क्षणापासून इंजिनाचा आवाज आला की मी खिडकीशी धावते. तिच्याशी बोलायला गेले की ती हसते.

म्हणून अटी. पुढच्या टोकाला लोखंडी वजने बसवल्याशिवाय ट्रॅक्टर चढावर न्यायचा नाही. रिकामा न्यायचा तर रिव्हर्समध्ये चढायचे, म्हणजे जड तोंड उताराकडे राहते. भरलेली ट्रॉली चढावर न्यायचीच नाही. सपाटीलाही खालच्याच हुकाला लावायची, वरून ओढ बसली की तोंड उचलते. एकही अट मोडली तर ट्रॅक्टर दिरांचा. ही धमकी तिला लागू पडेल.

५. वर दिलेल्या मालमत्तेखेरीज माझी भीतीही मी मुलीच्या नावे करते. ती चांगल्या स्थितीत आहे.

पुरवणी, सही करण्यापूर्वी : साक्षीला आलेल्या नर्सबाईंनी कलम चार वाचले आणि चष्मा काढला. म्हणाल्या, "अहो, हे सगळं तुम्ही गेल्यावर लागू होणार. पोरगी तर उद्या सकाळी खत घेऊन वर चाललीय."

एवढे लिहिले, आणि हे सुचले नाही. दुसऱ्या सहीला बोलावलेला पंक्चरवाला म्हणाला, "काकू, हाक मारू का तिला?" मी नको म्हणायच्या आत त्याने मारली.

मुलीने उभ्या उभ्या वाचले. अर्धे हसत वाचले, मग हसू गेले. "आई, किती वर गेली होती चाकं?"

मी हात छातीपर्यंत नेला.

"आणि मी मागे होते."

"तू मागेच होतीस गं," मी म्हणाले, आणि मला रडू फुटले.

तिने पंक्चरवाल्याकडून पाना घेतला आणि मागची दोन्ही चाके स्वतः काढली. वजने येईपर्यंत ट्रॅक्टर विटांवर राहील. शेवटचा नट काढताना पाना तिच्या हातातून दोनदा पडला.

सबब कलम पाच मी रद्द करते. ती मालमत्ता मुलीने माझ्या हयातीतच ताब्यात घेतली आहे.

लिहून देणार : सही (वाकडी आली आहे, तरी माझीच)
साक्षीदार : १. शेजारच्या नर्सबाई, सही. २. पंक्चरवाला, सही व ग्रीसचा अंगठा.
ठिकाण : रोपवाटिकेचे मागचे अंगण
दिनांक : चौदा जुलै, सोमवार