धम्मपालच्या आईकडं जाऊन ये

प्रिय आक्का,

मी बरा हाय, जेवण वेळेवर होतंय. तुझं गुडघं कसं हायत?

आपल्या शेजारच्या वडगावचा धम्मपाल, माझ्या खोलीतला, सोमवारी वीजकेंद्रात कोळसा वाहणाऱ्या पट्ट्याजवळ उन्हानं पडला. दवाखान्यात न्हेईपर्यंत गेला.

सकाळीच म्हणालता, "आपण जाळतोय त्या कोळशानंच ऊन वाढतंय की रं. ऊन वाढलं की लोकं एसी लावत्यात, मग आपण आणखी जाळायचं."

त्या दिवशीबी विजेची मागणी वाढलेली, म्हणून बॉयलर थांबला न्हाय. त्याला गाडीत घातलं आणि मी परत पट्ट्यावर गेलो.

त्याच्या आईला मी फोनवर 'झोपेतच गेला' म्हणून सांगितलंय. तू वडगावला जाऊन तिच्याजवळ बस. तिनं विचारलंच, तर तूबी तेच सांग.

दुपारचं रानात जाऊ नको.

तुझा धाकटा,
ऋतुराज